पहिले शील आणि एक माहितीपट

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहाराच्या उभारणीचा इतिहास सांगावा, विटा कोणी दिल्या, सिमेंट कोणी दिले, पत्रे कोणी टाकले त्यांची नावे घ्यावीत, अशी आपली रीत आहे. ते काम अध्यक्षांनी आताच फार चांगले केले. म्हणून आम्ही आज दुसराच विषय घेतो आहोत. विषय जड आहे. लहान मुलांना थोडा भीतिदायकही वाटेल. पण मुलांनीच तो आधी ऐकावा असे आम्हाला वाटते, त्याचे कारण बोलता बोलता कळेल.

गेल्या वर्षावासात एका रविवारी आपण याच सभागृहात पडद्यावर एक माहितीपट पाहिला होता. पुष्कळांना आठवत असेल. बाहेर पाऊस होता, आणि भाषा आपल्याला न कळणारी, कंबोडियाची. खाली इंग्रजी अक्षरे येत होती. कॉलेजातली आपली मुले मध्ये मध्ये चित्र थांबवून मराठीत अर्थ सांगत होती. निम्म्यावर काही मंडळी उठून गेली, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण संपल्यावर जे झाले ते आम्ही विसरलो नाही. दिवे लागले, कोणी बोलेना. आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारलं, "काय रं, ती माणसं आपल्यासारखीच बुद्धाची ना? मग ती पंचशील म्हणत नव्हती का?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या आजींना उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी थोडी माहिती सांगतो, म्हणजे ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांनाही समजेल.

कंबोडिया हा भाताचा, नद्यांचा, गावोगाव विहार असलेला देश. अंकोरची जगप्रसिद्ध मंदिरे तिथलीच. तिथे आयुष्यात एकदा तरी काही महिने चीवर घालून विहारात राहायचे, अशी मुलांसाठी जुनी प्रथा होती. आजूबाजूला व्हिएतनामचे युद्ध पेटले, १९६९ पासून १९७३ पर्यंत अमेरिकेच्या विमानांनी या देशावर बाँब टाकले, १९७० मध्ये राजवट उलथली आणि यादवी सुरू झाली. त्या यादवीतून 'ख्मेर रूज' म्हणजे लाल ख्मेर नावाची संघटना जिंकली. १७ एप्रिल १९७५ रोजी तिचे सैनिक राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले. त्यांचा पुढारी पोल पॉट. आता ऐका, हा पोल पॉट लहानपणी नॉम पेन्हमधल्या एका विहारात काही काळ राहिलेला, तिथे शिकलेला मुलगा होता. पुढे तो पॅरिसला शिकायला गेला.

या लोकांनी काय केले? सगळे शहर काही दिवसांत रिकामे केले. दवाखान्यातले आजारीसुद्धा रस्त्यावर काढले आणि शेतावर हाकलले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, टपाल बंद. भिक्खू म्हणजे फुकटखाऊ, असे ठरवून हजारो भिक्खूंची चीवरे उतरवली, अनेकांना मारले. विहारांची कोठारे केली, काही ठिकाणी तुरुंग केले. हे सर्व कशासाठी? तर समता आणण्यासाठी! गरीब-श्रीमंत भेद नको, नवा माणूस घडवायचा, असे ते म्हणत. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामच्या सैन्याने त्यांना राजधानीतून हुसकले. मधली वर्षे मोजली तर पुरती चारसुद्धा होत नाहीत. एवढ्या काळात, जेमतेम ऐंशी लाखांच्या देशात, उपासमारीने, आजाराने, कामाच्या ओझ्याने आणि सरळ हत्येने सुमारे १७ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे ढोबळमानाने दर पाचांत एक. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस उचलला, असे समजा.

नॉम पेन्हमध्ये एक शाळा होती. तीन मजली इमारती, पुढे पटांगण. आपल्या नगरपालिकेच्या शाळेसारखीच. त्या शाळेचा तुरुंग केला आणि त्याला सांकेतिक नाव दिले एस-२१. आज ती जागा तुओल स्लेंग म्हणून ओळखली जाते. वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून अरुंद कोठड्या केल्या. मोठ्या खोल्यांत कैद्यांना ओळीने झोपवून पाय लोखंडी दांड्यात अडकवले. कोणी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून व्हरांड्याला काटेरी तारा लावल्या. आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, मग मारहाण करून कबुलीजबाब लिहून घ्यायचा. 'मी अमेरिकेचा हेर', 'मी व्हिएतनामचा हेर', आणि माझे साथीदार अमुक अमुक. त्या साथीदारांना पकडून आणायचे, म्हणजे पुन्हा नवा कबुलीजबाब. बहुतेक कैदी ख्मेर रूजचेच कार्यकर्ते, सैनिक आणि त्यांचे बायकापोरे होते, हेही खरे आहे. शेवटी सगळ्यांना मालमोटारीत घालून गावाबाहेर सुमारे १५ किलोमीटरवर चुंग एक या जागी नेत आणि रात्री खड्ड्यांच्या काठावर मारत. पुढे न्यायालयाने आपल्या निकालात इथले किमान १२,२७२ बळी धरले, संशोधक त्याहून मोठा आकडा सांगतात. जिवंत सुटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या तुरुंगाचा मुख्य काइंग गुएक एव, ऊर्फ डुच. पूर्वीचा गणिताचा मास्तर.

माहितीपट बनवणाऱ्याचे नाव रिथी पान्ह. जन्म १९६४, नॉम पेन्हचा. म्हणजे ख्मेर रूज आले तेव्हा तो आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलाएवढा होता. त्याचे आईवडील आणि घरची आणखी माणसे त्या काळात गेली. तो १९७९ मध्ये सीमा ओलांडून थायलंडला आणि तिथून फ्रान्सला पोचला, तिथे चित्रपट शिकला. अशा माणसाच्या हाती कॅमेरा आला तर त्याने काय करावे? सूड घ्यावा, आक्रोश करावा, रक्त दाखवावे. कोणी नावे ठेवली नसती. पण २००३ मध्ये पुऱ्या झालेल्या 'एस-२१' या माहितीपटात एक थेंब रक्त नाही. त्याने एवढेच केले की, त्या शाळेतून जिवंत सुटलेल्या माणसांना आणि तिथे पहारा करणाऱ्या, चौकशी करणाऱ्या, मारणाऱ्या माणसांना त्याच इमारतीत समोरासमोर आणले. टेबलावर जुने फोटो, जुन्या नोंदवह्या. आणि सांगितले, बोला.

सुटलेल्यांपैकी मुख्य आहेत वान नाथ. सिनेमाची मोठी चित्रे आणि पाट्या रंगवणारे पेंटर. तरुणपणी चार वर्षे चीवर घालून भिक्खू म्हणून राहिलेले. १९७८ च्या सुरुवातीला त्यांना एस-२१ मध्ये आणले. चित्र काढता येते म्हणून पोल पॉटची चित्रे रंगवण्यासाठी त्यांना जिवंत ठेवले. ज्याच्यामुळे माणसे मरत होती त्याच्याच गालावर गुलाबी रंग चढवायचा, आणि चित्र आवडले नाही तर आपणही खड्ड्यात! बाहेर पडल्यावर त्यांनी आत पाहिलेले सर्व रंगवून ठेवले. दुसरे चुम मे, यंत्रे दुरुस्त करणारे मेकॅनिक. त्या इमारतीजवळ येताच ते ढसाढसा रडू लागतात आणि वान नाथ त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. हे दृश्य आपल्या महिला मंडळाला पाहवले नाही, हे आम्हाला आठवते.

आता पहारेकरी. त्यांतल्या एकाचे नाव हिम हुई. हा नंतर न्यायालयातही साक्षीला आला. चित्रपटाच्या सुरुवातीला तो आपल्या गावी, आपल्या घरी दिसतो. शेतकरी माणूस. घरात लहान मूल आहे. आपल्या गावाकडचा एखादा मामा असावा, तसा. तो म्हणतो की, मी काही आपल्या मनाने मारले नाही. वरून हुकूम होता, नाही ऐकले तर माझा जीव जाणार होता. पाप असेल तर हुकूम देणाऱ्यांचे. आणि त्याची आई त्याला सांगते की, खरे काय ते सांगून टाक आणि मेलेल्यांसाठी विधी कर, म्हणजे वाईट कर्म पुढे येणार नाही.

उपासक-उपासिकांनो, इथे आपण थोडे थांबू या. कारण आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या घरात आहे.

होय आजी, ती माणसे आपल्यासारखीच बुद्धाची. तीसुद्धा पंचशील म्हणत. आपण म्हणतो त्याच पाली भाषेत, त्याच क्रमाने. त्या पहारेकऱ्यांच्या आयांनी त्यांना कडेवर घेऊन विहारात नेले असेल, हात जोडायला शिकवले असेल. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे, हे त्यांना पाठ होते. तरीही हे झाले. म्हणजे शील नुसते तोंडपाठ असल्याने हात आवरत नाही. हे कटू आहे, पण वर्धापनदिनी विहारातच हे बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

आणि त्या आईने दोन गोष्टी सांगितल्या, हे नीट लक्षात घ्या. खरे सांग, ही एक. विधी कर, ही दुसरी. माणसाचा स्वभाव असा की पहिली गोष्ट गाळायची आणि दुसरी तेवढी धरायची. भोजनदान दिले, भिक्खूंकडून पाठ करून घेतला, झाले! पण माहितीपट त्या माणसाला तसे सोडत नाही. तो त्याला घरून उठवून पुन्हा त्या शाळेत आणतो आणि म्हणतो, आधी पहिली गोष्ट पुरी कर.

मग काय होते? वान नाथ त्यांना विचारतात. आवाज चढवत नाहीत. शिवी देत नाहीत. त्या चित्राजवळ नेतात, हे असेच होते ना, असे विचारतात. पहारेकरी म्हणतात, आम्हीही बळीच आहोत. तेव्हा आम्ही लहान होतो, भीतीखाली होतो. आमच्यातल्याही कितीकांना इथेच मारले. हे शेवटचे खोटे नाही, एस-२१ चे पुष्कळ नोकर त्याच तुरुंगात मेले. पण वान नाथ शांतपणे विचारतात की, तुम्ही जर बळी, तर मग माझ्यासारख्या कैद्यांना काय म्हणायचे? आणि ज्या बाया, जी लहान लेकरे इथून परत गेली नाहीत, त्यांना काय म्हणायचे? यावर कोणाकडे उत्तर नसते. माना खाली जातात. त्या खाली गेलेल्या मानांवर कॅमेरा बराच वेळ थांबतो.

आणि एक दृश्य. ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून ते जाणार नाही. एक पहारेकरी, जो बारा-तेरा वर्षांचा असताना ख्मेर रूजने उचलला होता, तो आता मोठा झाला आहे. तो आपले काम कसे होते ते करून दाखवतो. समोर मोठी रिकामी खोली. कैदी कोणी नाही. तरी तो कुलूप तपासल्यासारखे करतो, आत जातो, ओळीने पडलेल्या अदृश्य कैद्यांवर ओरडतो, बसू नको, हलू नको! पाणी आणतो, डबा आणतो, दार लावतो, पुन्हा येतो. पंचवीस वर्षे उलटली होती, पण हात-पाय काही विसरले नव्हते. शब्दाने सांगताना हा माणूस अडखळत होता, करून दाखवताना मात्र एकदा अडखळला नाही. आणि कॅमेरा काय करतो? उंबरठ्यावर थांबतो. खोलीत शिरत नाही. रिथी पान्ह यांनी नंतर सांगितले की, आपण आत गेलो असतो तर जमिनीवर पडलेल्या कैद्यांना तुडवल्यासारखे झाले असते. पाहा, खोली रिकामी, तरी मेलेल्यांना पाय लागू नये ही काळजी! आम्हाला विचाराल तर या उंबरठ्यावर थांबण्यात पहिले शील आहे.

त्या रविवारी आपल्या एका मुलाने आम्हाला विचारले होते, "सर, पण खरंच हुकूम असेल आणि नाही म्हटलं तर आपणच मरणार असू, तर माणूस काय करील?" प्रश्न चांगला होता. त्या मुलाला आम्ही आज सांगतो की, बाळ, त्या जागी आपण शूर ठरलो असतो असे छातीठोकपणे सांगणारा माणूस खोटारडा समजावा. आम्हीही सांगू शकत नाही. पण दोन गोष्टी सांगू शकतो. एक, हुकूम पाळल्याने आपण केलेले दुसऱ्याचे होत नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे मनाच्या हेतूत सांगितले. भीतीने केले तर दोष हलका होईल, पण 'मी केले' हे पुसले जाणार नाही. आणि दुसरे, खड्ड्याच्या काठापर्यंत पोचल्यावर नाही म्हणणे फार अवघड असते, म्हणून नाही म्हणायची सवय खूप आधी लावावी लागते. ख्मेर रूजने तेरा वर्षांची पोरे का निवडली? कारण त्या वयाच्या पोराला अजून उलट विचारायची सवय नसते. सांगितले की करतो. आपल्या बालसंस्कार वर्गातली मुले याच वयाची आहेत. आता कळले ना, मुलांनी आधी ऐकावे असे आम्ही का म्हणालो ते?

कोणी म्हणेल, धम्मात याला काही आधार आहे का? आहे. अंगुलिमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण आपण ती अर्ध्यावर सोडतो. डाकू होता, माणसे मारून बोटांची माळ घालायचा, तथागत भेटले, शस्त्र टाकले, भिक्खू झाला, गोष्ट संपली. मज्झिम निकायात ती तिथे संपत नाही. अंगुलिमाल भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. डोके फुटते, पात्र फुटते, चीवर फाटते. रक्ताने माखलेला तो तथागतांकडे येतो. तथागत लोकांना दोष देत नाहीत. अंगुलिमालाला सांगतात की, सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. आणि त्याच सुत्तात दुसरा प्रसंग आहे. एक बाई प्रसूतीत अडली होती. तथागत त्याला म्हणतात, तिच्याकडे जा आणि 'जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतला नाही, या सत्याने तुझे कल्याण होवो' असे सांग. अंगुलिमाल काय म्हणतो? भगवन्, हे तर जाणूनबुजून खोटे बोलणे होईल, मी पुष्कळांचे जीव घेतले आहेत! मग तथागत वाक्य सुधारून देतात की, आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून. आता विचार करा. गुरूने सांगितलेले आयते वाक्य होते. त्यात आपली सगळी हत्या झाकली गेली असती. तो झाकू देत नाही. आमच्या मते अंगुलिमाल खऱ्या अर्थाने बदलला तो त्या क्षणी.

डुचचे पाहा. पोल पॉट १९९८ मध्ये न्यायालयाचे तोंड न पाहता मेला. डुच मात्र सापडला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभारलेल्या न्यायालयात २००९ मध्ये त्याचा खटला चालला. वान नाथ यांनी तिथे साक्ष दिली. डुचने जबाबदारी मान्य केली, पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. लोकांना वाटले, हा माणूस बदलला. आणि खटल्याच्या अगदी शेवटच्या दिवशी त्याने मागणी केली की, मला आता सोडून द्या! क्षमा तोंडात होती, मनात सुटका होती. २०१० मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली, आणि २०२० मध्ये तो कैदेतच मेला. वान नाथ हा अंतिम निकाल ऐकायला राहिले नाहीत, ते २०११ मध्ये वारले.

माहितीपटाने काय साधले, असे विचारणारे भेटतात. मेलेले परत आले का? नाही आले. पण एवढे झाले की, ख्मेर रूज राजवटीचा राष्ट्रप्रमुख खिऊ साम्फान वर्षानुवर्षे 'मला अशा गोष्टी ठाऊकच नव्हत्या' म्हणत होता. त्याने हा चित्रपट पाहिल्यानंतर एस-२१ ही आपल्याच राजवटीची संस्था होती हे मान्य केले. पुढे २०१८ मध्ये त्याला वंशसंहारासाठी जन्मठेप झाली आणि २०२२ मध्ये त्याचे अपील फेटाळले गेले. आणि जग तरी काय करत होते? १९७९ मध्ये हाकलले गेल्यावरही कित्येक वर्षे संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची याच लोकांकडे होती! तेव्हा मेलेल्यांच्या बाजूने बोलायला कागद, फोटो आणि वान नाथांसारखी चार माणसे, एवढेच होते. २०२५ मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग आणि चुंग एक या जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. एक शाळा, जिथे पोरे पाढे म्हणायची, ती आता जगाने विसरू नये म्हणून जपून ठेवावी लागते आहे.

आता बाबासाहेबांकडे येतो, आणि उगीच येत नाही. नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तब्येत ढासळलेली होती. तिथे ते कशावर बोलले? बुद्ध आणि कार्ल मार्क्स. दुःख नष्ट करायचे, शोषण संपवायचे, इथपर्यंत दोघांची वाट जवळजवळ येते. फरक मार्गाचा आहे, असे त्यांनी मांडले. एक मार्ग बळजबरीचा आणि हुकूमशाहीचा, दुसरा माणसाचे मन बदलण्याचा. बळाने आणलेली व्यवस्था बळ हटताच कोसळते, मनाने स्वीकारलेली टिकते. हे त्यांनी सांगितले तेव्हा कंबोडियात ख्मेर रूजची राजवट यायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती. आपल्यातले कित्येक तरुण रागाने म्हणतात की, एकदा सगळे साफ करायला हवे. तुमचा राग आम्हाला कळतो. आपल्या समाजाने सोसले ते थोडे नाही. पण 'साफ करणे' हा शब्द माणसांबद्दल तोंडात आला की सावध व्हा. ख्मेर रूजच्या कागदांतही 'ठार मारले' असे लिहीत नसत. चिरडले, भुगा केला, असे लिहीत. आधी शब्दातून माणूस जातो, मग जगातून.

मग क्षमा करायची की नाही? कंबोडियाचे महाघोसानंद भन्ते आपल्याकडे नालंदेला शिकून गेलेले. त्यांच्या घरचे सगळे त्या काळात मारले गेले. ते सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत गेले आणि वैराने वैर शमत नाही हा तथागतांचा उपदेश लोकांबरोबर म्हणू लागले. हजारो माणसे त्यांच्यामागून म्हणताना रडत होती. १९९२ पासून त्यांनी सुरुंग पेरलेल्या मुलखातून धम्मयात्रा काढल्या, पायी. २००७ मध्ये ते गेले. ते मैत्री सांगत होते. आणि रिथी पान्ह खरे सांगा म्हणत होते. कोणाला वाटेल, हे दोघे उलट दिशांनी चालले आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. मैत्री ही सोसणाऱ्याने द्यायची गोष्ट आहे, करणाऱ्याने मागून घ्यायची नव्हे. आणि करणारा 'मी केले' म्हणत नाही तोपर्यंत सोसणाऱ्याने द्यायचे तरी कोणाला?

आपल्या वस्तीत काय होते ते आठवा. एवढ्या मोठ्या हत्याकांडाशी त्याची तुलना नाही, पण सवय तीच. दोन घरांत भांडण होते, एकाचे डोके फुटते. आपण पाच-सहा वडीलधारे जातो, चहा होतो, आणि ज्याचे डोके फुटले त्यालाच सांगतो, जाऊ दे रे, झालं गेलं गंगेला मिळालं. मारणारा शेजारी बसून चहा पीत असतो. त्याने एकदाही 'माझा हात उठला' म्हटलेले नसते. आम्ही स्वतः अशा दोन बैठकांत बसलो आहोत आणि हेच बोललो आहोत. माहितीपट पाहिल्यापासून त्याची लाज वाटते. यापुढे अशा बैठकीत आधी मारणाऱ्याने काय केले ते तपशिलाने बोलावे, मग समजुतीचे बोलू, एवढे आम्ही तरी ठरवले आहे.

आणि बालसंस्कार वर्गासाठी समितीकडे एक विनंती आहे. मुलांकडून पंचशील पाठ करून घेताच, ते घ्यावेच. पण त्याबरोबर दर रविवारी एक प्रश्न विचारावा, 'मोठ्या माणसाने चुकीचे सांगितले तर तू काय करशील?' मुले सुरुवातीला हसतील, काहीबाही उत्तरे देतील. देऊ द्या. मुले आपल्यालाही उलट विचारतील. विचारू द्या. कालामांना तथागतांनी सांगितलेच आहे की, गुरूने सांगितले म्हणूनही मानू नका, पारखून घ्या. आपल्या पोरांनी आपल्याला उलट विचारलेले आपल्याला थोडे झोंबेल. पण 'हो' म्हणायलाच शिकलेल्या पोरांचे काय झाले ते आपण याच भिंतीवर पाहिले आहे.

आजी आज समोरच बसल्या आहेत. आजी, तुमच्या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच की, ती माणसे पंचशील म्हणत होती, पण जेव्हा थांबायची वेळ आली तेव्हा त्यांच्या घशातून 'नाही' निघाले नाही, आणि नंतर कित्येक वर्षे 'मी केले' हेही निघाले नाही. हे दोन शब्द आपल्या घराघरात बोलता यावेत, एवढ्यासाठी हा विहार आपण बांधला असे आम्ही समजतो.

थोड्या वेळाने भन्तेजी आपल्याला पंचशील देतील. पहिले शील घेताना आज एक क्षण थांबू या आणि मग म्हणू या.